ताण घेणारी कड

विणलेला स्वेटर हातात घेतला की लोकांची नजर आधी वेणीवर जाते, मग रंगावर. कुणी जाणकार असेल तर खांद्याची शिवण उलटून बघतो. बॉर्डरकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक सुलट, एक उलट. त्यात बघायचं काय? पण स्वेटर रोज अंगात चढतो आणि उतरतो तो बॉर्डरच्या जिवावर. तळवा रुंद, मनगट बारीक. टाच मोठी, घोटा अरुंद. डोकं मोठं, मान लहान. कपड्याला आधी मोठ्या भागावरून वाट काढायची असते आणि मग लहान भागाला धरून राहायचं असतं. ही दोन्ही कामं एकच कापड करतं, तेही नाडी, हुक, इलॅस्टिक यांतलं काही न घेता. विणकामातलं मला सगळ्यांत देखणं काही वाटत असेल तर ते हे.

सुलट आणि उलट ही एकाच फासाची दोन रूपं. फास आपल्याकडे ओढला की सुलट, पलीकडे गेला की उलट; आपल्याला जो सुलट दिसतो, तोच मागून बघणाऱ्याला उलट. प्रत्येक फासाला एका अंगाला वळायची ओढ असते, म्हणून नुसत्या सुलट बाजूचं कापड कडेकडेने गुंडाळत जातं. सुलट-उलट एकाआड एक घातले की या ओढी एकमेकींना अडवतात. सुलटांची उभी रांग पुढे येते, उलटांची मागे सरते आणि सगळं कापड साडीच्या निऱ्यांसारखं स्वतःतच मिटतं. ताणलं की निऱ्या उलगडतात, सोडलं की परत मिटतात. दोन सुलट, दोन उलट घातले तर त्या आणखी खोल पडतात आणि आणखी जोमाने मिटतात. वरून बघताना उलट टाके जवळजवळ दिसतच नाहीत. ते घडीच्या तळाशी असतात, कुणी ओढेपर्यंत.

हातांना सोपी वाटणारी ही गोष्ट यंत्राला मात्र फार उशिरा जमली. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टन गावी विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र तयार केलं ते १५८९ मध्ये. त्याला सरळ सुलट वीण येत होती. सुलट आणि उलट एकाच ओळीत आलटून पालटून घेणं त्याच्या सुयांना येत नव्हतं. डर्बीच्या जेडेडाया स्ट्रटने त्याला जोडयंत्र बसवून ते जमवलं, त्याची पेटंट्स आहेत १७५८-५९ ची. मधली जवळजवळ १७० वर्षं रिब, म्हणजे बॉर्डरची ही सुलट-उलट वीण, हाताचंच काम होती. हातांनाही उलट टाका तोवर काही फार जुना नव्हता. फ्लॉरेन्सच्या डचेस एलिओनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये वारल्या; दफनाच्या वेळी त्यांच्या पायांत जे रेशमी मोजे होते, त्यांच्यावर उलट टाक्यांची नक्षी आहे. उलट टाक्याच्या सर्वांत जुन्या माहीत असलेल्या नमुन्यांत त्या मोज्यांचं नाव येतं. मला हे वाचून आनंद झाला होता. इतक्या साध्या टाक्यालाही इतिहास आहे, आणि तो पायांत घालायच्या वस्तूने जपून ठेवला.

मला टाके घालायला, विणायला आणि बंद करायला शिकवलं ते मावशीने, सदाशिव पेठेतल्या तिच्या वाड्याच्या ओसरीवर. बंद करायची रीत सगळ्यांना ठाऊक असते: दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, पुढचा विणायचा, पुन्हा मागचा त्याच्यावरून. कडेला एक नेटकी साखळी उमटत जाते. "बंद करताना हात सैल सोड गं, नाहीतर गळा डोक्यातून जायचा नाही," मावशी म्हणायची. हे प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगितलेलंच असतं. काही जणी बारा नंबरच्या सुईवर बॉर्डर विणत आणि बंद करायला नऊ किंवा आठ नंबरची घेत. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका लहान, तितकी सुई जाड. त्याने थोडी मदत व्हायची. पण प्रश्न पुरता सुटायचा नाही, आणि तो का सुटत नाही याचं उत्तर साखळीतच आहे.

कापडातला फास उभा असतो. आडवा ताण आला की तो बुटका होऊन रुंद होतो. उंचीतला दोरा रुंदीला देतो. म्हणून तर विणलेलं कापड ताणलं जातं आणि मागावरचं जात नाही. साखळीतले फास मात्र कडेवर आडवे निजलेले असतात. ताण ज्या दिशेने येतो, त्याच दिशेने ते आधीच लांब झालेले. त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लकच नसतं. खाली बॉर्डर दुप्पट रुंद व्हायला तयार, आणि तिच्या माथ्यावर ही साखळी. हात सैल सोडला की साखळीचा प्रत्येक फास मोठा होतो, लांबी वाढते, हे खरं. पण ती वाढलेली लांबी परत मिटत नाही. स्वेटर घडी घालून कपाटात ठेवला तरी कड लाटा आल्यागत फुललेलीच राहते. सैल कडेने आपली लांबी एकदाच आणि कायमची देऊन टाकलेली असते. ताण घेणारी कड ती राखून ठेवते. मागितली की देते, काम झालं की परत घेते. माझ्या मते टाके बंद करण्याची सगळी कला या राखून ठेवण्यात आहे, आणि ती हात सैल सोडून येत नाही.

तान्ह्या बाळाच्या स्वेटरला हे सगळ्यांत जास्त जाचतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून थोडा कमी. शरीराच्या मानाने इतकं मोठं डोकं माणसाचं पुढे कधीच नसतं. आखडलेला गळा रडत्या बाळाच्या डोक्यातून ओढताना त्याचे कान दुमडतात, नाकावर लोकर घासते, आणि आईचा जीव कासावीस होतो. आपल्याकडच्या बायकांनी यावर उपाय काढला तो गळा उघडण्याचा: स्वेटर पुढून उघडा, नाहीतर खांद्यावर दोन बटणं, नाहीतर गळ्यात गोंडे लावलेली लोकरीची दोरी. उपाय चांगलेच आहेत. खांद्यावरची बटणपट्टी सपाट बसवणं हे मोठं कसबाचं काम आहे आणि मावशीने बसवलेली पट्टी मुद्दाम बघावी अशी असे. पण या सगळ्यांत कड जशीच्या तशी राहते. तिला नुसता वळसा घातलेला असतो.

लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला गेले, तेव्हा कडेलाच हात घालणारी रीत मला भेटली. बाळासाठी पंजाकडून वर विणत नेलेले मोजे करत होते. असे मोजे वर घोट्याच्या पुढे संपतात, म्हणजे टाके बंद करायची ओळ नेमकी तिथे येते, जिला टाचेवरून जायचं असतं. लेकीची एक मैत्रीण, मूळची नाशिकची, बाळ बघायला आली आणि सुया बघून शेजारीच बसली. "काकू, थांबा, साधं बंद नका करू. दोरा जिथं आहे तिथूनच सुईवर चढवा आणि तिथंच परत न्या," ती म्हणाली.

ही रीत जेनी स्टेमन हिची. २००९ मध्ये 'निटी' या विणकामाच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली, आणि मोजे विणण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या कॅट बोर्डी यांनी ती जगभरच्या विणणाऱ्यांना दाखवली. टाका विणायच्या आधी उजव्या सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. टाका सुलट असेल तर दोरा मागे असतो, म्हणून वेढा मागून सुईवरून पुढे, आणि खालून पुन्हा मागे. टाका उलट असेल तर दोरा पुढे असतो. वेढा पुढून मागे, आणि पुन्हा पुढे. मग टाका विणायचा आणि तो वेढा त्याच्यावरून उचलून सोडायचा. पुढच्या टाक्यालाही असंच. सुईवर दोन टाके झाले की मागचा पुढच्यावरून सोडायचा. जुन्या रीतीत वाढला तो फक्त एक वेढा. पण तो टाक्याच्या मानेशी बसतो आणि साखळीच्या प्रत्येक फासापाशी थोडा दोरा राखून ठेवतो. ताण आला की तो दोरा पुढे सरकतो.

वेढा, टाका, सोड. वेढा, टाका, सोड, आणि पुन्हा सोड. पहिल्यांदा हात अडखळतो, कारण वर्षानुवर्षं सुलटाआधी वेढा घेतला तो जाळी पाडण्यासाठी, आणि त्याची दिशा वेगळी. मग लय सापडते. मोजा पुरा झाल्यावर दोन्ही अंगठे आत घालून ताणला, तर बॉर्डर जिथपर्यंत गेली तिथपर्यंत कडही गेली, आणि सोडल्यावर दोघी बरोबरच मागे आल्या. नातवाच्या पायात तो चढला तेव्हा तो झोपेतून जागाही झाला नाही.

या रीतीचीही एक बाजू आहे. नुसती ठेवली तर ही कड किंचित उमललेली दिसते. मोज्याला त्याचं काही नाही, पाय तिला ताणून धरतोच. स्वेटरच्या घेराला मात्र ते डोळ्यांत भरतं. तिथे मला एलिझाबेथ झिमरमन यांची शिवून बंद करायची रीत अधिक आवडते. १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहिलेल्या या बाईंनी ती आपल्या १९७१ च्या 'निटिंग विदाउट टिअर्स' या पुस्तकात दिली आहे. घेराच्या तिप्पटीहून थोडा जास्त दोरा ठेवून तोडायचा आणि बोथट टोकाच्या सुईत ओवायचा. पुढच्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे न्यायचा, मग पहिल्यातून डावीकडून उजवीकडे परत आणून तो टाका सुईवरून सोडून द्यायचा. दोन पुढे, एक मागे. साखळी होतच नाही. वेळ खूप जातो, दोरा मध्येच पिळतो, आणि तरी हे काम करताना मला घाई करावीशी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या विणणारीने ध्यानात ठेवावी. दुकानात लोकर म्हणून आपण घेतो ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळात नागमोडी. ताणला तरी परत येणं त्याच्या अंगातच असतं. ॲक्रिलिकला ही ओढ कमी, आणि त्याच्या बॉर्डरवरून एकदा गरम इस्त्री फिरली की ती पुन्हा मिटत नाही. म्हणून ॲक्रिलिकवर कड अधिक विचाराने बंद करावी, आणि इस्त्री तिच्यापासून लांब ठेवावी.

पुण्याला परत आल्यावर मोज्याचा जोडीदार मावशीपुढे ठेवला. तिचे डोळे आता अधू झालेत, बोटं नाहीत. तिने कड चाचपली, ताणली, सोडली, पुन्हा ताणली. मग विचारलं, "उलटाला वेढा कुठून घेतलास?" करून दाखवल्यावर तिने सुया माझ्याकडून काढून घेतल्या. थोडं विणून म्हणाली, "गळ्याला फार फुलेल हे. सुलटालाच वेढा देऊन बघू का? उलट तसाच जाऊ दे."

तसं केलं. निम्मे वेढे कमी झाले, उमलणं बरंचसं गेलं, आणि ताण बाळाच्या डोक्याला पुरेल इतका राहिला. नातवासाठी पाठवलेल्या स्वेटरच्या गळ्याला तीच कड आहे, खांद्यावर बटणं नाहीत, आणि मावशीची ही रीत मी कागदावर लिहून नाशिकच्या त्या मुलीलाही सोबत धाडली आहे.