किमतीचा रकाना

बार्शीहून तेर फार लांब नाही. ‘पेरिप्लस’मध्ये ज्या तगराचा उल्लेख येतो ते हेच गाव, आणि तेथील संग्रहालय उभे राहिले ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून. अशा शेजारात राहून जुन्या नाण्यांचा नाद लागला नाही तरच नवल. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. लिपीशी थोडीफार ओळख होती, तेवढ्यावर आम्ही स्वतःला नाणकशास्त्राचे जाणकार समजू लागलो.

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याने धातुशोधक यंत्र आणले. संरक्षित स्थळी किंवा पांढरीच्या टेकाडावर ते न्यायचे नाही, एवढे पथ्य आम्ही पाळले. त्याच्याच रानात, घरच्यांच्या परवानगीने, दोन रविवार फिरलो. यंत्र सारखे ओरडायचे. निघायचे काय, तर बैलाच्या पायाची पत्री, सोड्याच्या बाटलीचे झाकण, कुळवाच्या फासेचा तुकडा. (एकदा आमच्याच चपलेच्या खिळ्याने आम्हांला दहा मिनिटे उकरायला लावले.) दुसऱ्या रविवारी, दिवस कलताना, वीतभर खोल एक हिरवट चकती लागली. शिवराई!

त्यानंतर आम्ही जे केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. घरी येताच चिंच आणि मीठ घेऊन आम्ही ती घासली, तांब्याचा गडवा घासावा तशी. शतकानुशतके साचलेला हिरवा थर गेला आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या. एका बाजूला ‘श्री राजा’ कसेबसे उरले. खालच्या ‘शिव’चा नुसता भास. दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ तर अंदाजानेच वाचायचे. शिवराई 1674 च्या राज्याभिषेकापासूनची खरी, पण पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती पाडली जात होती. मग आपली कोणत्या काळची, हे ठरवायचे अक्षरांच्या वळणावरून, ओळींमधल्या दांड्यांवरून, वजनावरून. वजन सोनाराच्या काट्यावर करून घेतले. वळण मात्र आम्हीच पुसून टाकले होते. हस्तलिखितातील पाठभेदांवर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या माणसांनी हे करावे!

नाणे घेऊन पुन्हा त्या वस्तीवर गेलो. विद्यार्थ्याच्या आजीने ते तळहातावर फिरवून पाहिले.

“सर, नेमकं कुठं घावलं वो? बांधाखालच्या पट्टीत माझ्या सासऱ्याचं खळं हुतं. तितलं हाय का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोन रविवारांत पंधरा-वीस खड्डे उकरले होते आणि गुणी माणसांसारखे बुजवलेही होते. कोणता कशाचा, हे कुठेच टिपले नव्हते. खळ्यावरचे असते तर मजुरी, बलुते, धान्याची देवघेव असा काही माग लागला असता. आता ते कुठूनही पडलेले तांबे होते.

नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे तेरा हजार नाणी, त्यांतील नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाचे राज्य कोणी जिंकले याची एवढी ठसठशीत साक्ष मिळाली ती साठा एकत्र मोजता आला म्हणून. तीच नाणी आमच्यासारख्यांच्या डब्यांत एकेक करून गेली असती तर?

1878 चा निखात निधी कायदा वाचला तो यानंतर, म्हणजे उशिराच. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते: काय सापडले व त्याची अंदाजे किंमत, कुठे, कधी. आजीने यांतले ‘कुठे’ तेवढे आधीच विचारले होते.

परवा अर्ज लिहायला बसलो. तारीख आठवत होती. किमतीपाशी बराच वेळ थांबलो. घासलेल्या शिवराईला बाजारात कोण विचारतो! शेवटी अंदाजाने एक आकडा टाकला. जागेपुढे लिहिले, “बांधाखालची पट्टी किंवा तिच्या आसपास, खड्डा निश्चित सांगता येत नाही.” आणि खाली दोघांनी सह्या केल्या.