तेवढा संशय खरा निघाला

धाकट्या भावाच्या केसपेपरवर दोन ओळी एकाखाली एक होत्या. ‘कॅमेऱ्यातून विचार वाचतात असा संशय. कंपनीतून काढतील असा संशय.’ दुसऱ्या ओळीचा राग मला अजून येतो.

तो चाकणच्या खराबवाडीत चौघांत खोली करून राहायचा. पॉवर प्रेसवर काम, बारा तासांची रात्रपाळी. आधी झोप उडाली, मग डब्यात काहीतरी घातलंय म्हणून जेवण सुटलं, मग लाइनवरच्या कॅमेऱ्याशी बोलणं सुरू झालं. लातूरकडे गावी नेऊन अंगारेधुपारे झाले. ते सगळ्यांच्याच घरी होतात. परत आणून वॉर्डात भरती केला.

तिथे रोज एकच. “दादा, माझी हजेरी कोण लावतंय? मला काढतील ते.” राउंडला आलेले डॉक्टर मात्र मलाच विचारायचे, झोपला का, खाल्लं का, अजून तसंच बोलतो का. तो समोर बसलेला. आजार काय, औषध कोणतं, त्याचा त्रास काय होईल, हे पेशंटला त्याला कळेल अशा भाषेत कळायला हवं, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. एका इंजेक्शननंतर त्याची मान वळून अडकली. तरुण पोरांत असं होतं आणि दुसऱ्या इंजेक्शनने सुटतं, हे सिस्टरनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ‘विष दिलं’ म्हणून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला नसता.

शेवटी ठेकेदाराला फोन लावला. नाव केव्हाच कमी झालेलं, गेटपास बंद. म्हणजे अख्ख्या वॉर्डात तेवढं एक वाक्य वेडेपणाचं नव्हतं, आणि तेच आजाराच्या खात्यात जमा!

ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दीर्घ आजारांच्या यादीत टीबी-कॅन्सरसोबत सायकोसिसही आहे. पगाराच्या 80 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 2 वर्षं. अट अशी की आधी 2 वर्षं सलग नोकरी हवी. आमच्याकडे कंत्राटी पोराला सात महिने झाले की ब्रेक. मग नवा ठेकेदार, नवा गेटपास आणि मशीन तीच. सलग 2 वर्षं आणायची कुठून? चाकणला कामाला येणाऱ्या पोरांना मी आता सांगतो, प्रत्येक ठेकेदाराची पगारपावती जपून ठेवा. आपला ईएसआय नंबर पाठ करा.

ठेकेदाराला फोनवर मी नको नको ते बोललो. पण खरं सांगायचं तर त्या महिन्यात भावाला प्रेसवर उभं करा, असं मीही म्हटलं नसतं. बोटं गेलेली पोरं आमच्याच गल्लीत आहेत. पॅकिंगला घेतलं असतं तर चाललं असतं. की तिथेही नको होतं?

आता तो मोशीत माझ्याकडे असतो, गोळ्या वेळेवर घेतो. नव्या ठेकेदाराच्या फॉर्मवर ‘पूर्वीचा आजार’ असा रकाना आहे, त्यावरून आमचं रोज वाजतं. त्याला खरं लिहायचंय. मी म्हणतो, कोरा सोड.