तुम्हांला कोण व्हायचे आहे?



घरी पाहुणे आले की ते लहान मुलांना एक प्रश्न हमखास विचारतात, "बेटा, मोठेपणी कोण होणार?" पाच वर्षांचे मूल लगेच उत्तर देते. कधी ते डॉक्टर होते, कधी पायलट, तर कधी बसचा कंडक्टर! सगळे हसतात आणि प्रश्न तिथेच संपतो.

दहावीनंतर मात्र हाच प्रश्न अवघड होतो. आता उत्तर ऐकून कोणी हसत नाही. उलट फी किती, गुण किती, नोकरी मिळेल का, असे दहा प्रश्न पुढे उभे राहतात. तुम्हीही थोड्याच दिवसांत त्या वळणावर येणार आहात, म्हणून आज तुमच्याशी बोलावेसे वाटले.

मी शिक्षक आहे. ईदच्या दिवशी माझे जुने विद्यार्थी भेटायला येतात. गेल्या वर्षी कॉलेजात शिकणारे तिघेजण आले होते. शीरखुर्मा खाता खाता गोष्टी निघाल्या. एकजण म्हणाला, "सर, मला मोठा अधिकारी व्हायचे आहे. लाल दिव्याची गाडी पाहिजे."

मी म्हटले, "अरे, साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे तर २०१७ मध्येच निघाले. आता काय करशील?"

सगळे हसले. तोही हसला, पण मग विचारात पडला. मी त्याला विचारले, "अधिकारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काम करतो, ते तुला माहीत आहे का?" त्याला ते माहीत नव्हते. मित्रांनो, पुष्कळदा आपण हुद्द्याचे स्वप्न पाहतो, कामाचे पाहत नाही. हुद्दा दारावरच्या पाटीवर असतो. काम मात्र रोज आठ-दहा तास आपल्यालाच करायचे असते.

ज्यांनी कामाचे स्वप्न पाहिले, अशा एका माणसाची हकीकत सांगतो. सलीम अली यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामांनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या दिवसापासून पक्ष्यांनी त्यांचे मन जिंकले.

पण पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून ते घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथे जम बसला नाही. मुंबईला परत आले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे मनासारखी नोकरी मिळेना. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काम मिळाले. अधिक शिकण्यासाठी ते जर्मनीला गेले; परत आले तेव्हा ती जागाच रद्द झाली होती! मग ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी तासन् तास पाहिली. नर घरटे विणतो, मादी येऊन ते पाहते आणि पसंत पडले तरच तिथे राहते, हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. नोकरी नव्हती, पण काम चालूच होते. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि घरोघरी पोहोचले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

दुसरे उदाहरण तुम्हांला ठाऊकच आहे. डॉ. अब्दुल कलाम यांना विमान चालवायचे होते. वायुदलाच्या निवडीत आठ जागा होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटले. पण विमान चालवता आले नाही, म्हणून त्यांनी आकाश सोडले नाही. ते अग्निबाण बनवू लागले. त्यांच्या शिक्षणासाठी बहिणीने आपले सोन्याचे दागिने गहाण ठेवले होते, हेही विसरू नका. एकाच्या स्वप्नामागे घरातल्या दुसर्‍या कोणाचा तरी त्याग असतो.

आता पुन्हा त्या दोघांकडे येऊ. दुसरा मुलगा बारावी सायन्सला होता. अब्बांचे यंत्रमाग आहेत. त्यांची इच्छा, मुलाने डॉक्टर व्हावे. मुलाचा जीव मात्र यंत्रात. माग बंद पडला की हा आधी धावतो. तो म्हणाला, "सर, अब्बांना कसे सांगू?" मी म्हटले, "नुसते नको म्हणू नकोस. काय हवे आहे, त्याची नीट माहिती घेऊन सांग." दहावीनंतर आय.टी.आय. आहे. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे आणि ती झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसर्‍या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतरही इंजिनिअरिंगची वाट मोकळी असते. माहिती हातात असली की बोलणे भांडण होत नाही, सल्लामसलत होते.

तिसरी मुलगी होती. तिला नर्स व्हायचे होते. अम्मीला रात्रपाळीची काळजी वाटत होती. ती काळजी खोटी नव्हती. मुलगी म्हणाली, "मी अम्मीला एकदा हॉस्पिटलात घेऊन जाणार आहे. नर्स काम कसे करतात, घरी कशा जातात, ते तिने स्वतः पाहावे." मला तिचे म्हणणे फार आवडले. आईवडील शत्रू नसतात. त्यांना भीती असते, आणि भीती माहितीने कमी होते.

तुमच्या मनात आणखी एक शंका असेल. "आम्ही उर्दू माध्यमाचे, पुढे कसे होणार?" अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तके हाती आली की सुरुवातीचे महिने जड जातात, हे खरे आहे. पण उर्दूत समजलेले विज्ञान वाया जात नाही; फक्त नवे शब्द शिकावे लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उर्दूतून देता येते, मराठीतूनही देता येते. जालना जिल्ह्यातील एका रिक्षाचालकाचा मुलगा, अन्सार शेख, ही परीक्षा मराठीतून देऊन अवघ्या एकविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाला. महाराष्ट्रात सरकारी नोकरी करायची तर मराठी यायलाच हवी. म्हणून हा तास टाळू नका. मेहनत, हिंमत, इरादा, फायदा हे शब्द मराठीत आधीपासूनच तुमची वाट पाहत बसले आहेत!

मित्रांनो, आज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा. कोणते काम करताना तुम्हांला वेळेचे भान राहत नाही? त्या कामाला कोणकोणत्या वाटा जातात? आणि पहिली वाट बंद झाली, तर दुसरी कोणती? मग ते काम रोज करणार्‍या एखाद्या माणसाला भेटा. वही आईवडिलांना दाखवा, शिक्षकांना दाखवा. उत्तर बदलले तर खोडून पुन्हा लिहा. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.