धावतं समालोचन

नातू सुट्टीला सांगलीला आला तो प्लेस्टेशन घेऊनच. सोबत आणखी एक वस्तू होती. नाव 'कॅप्चर कार्ड', पण दिसायला काडेपेटीहून जरा मोठी डबी! प्लेस्टेशनवरचा फुटबॉल संगणकात रेकॉर्ड करायला ती लागते म्हणे. शिवाय खेळता खेळता स्वतः समालोचन करायचं त्याच्या मनात होतं. आमचा हा नातू बोलताना अडखळतो. त्यामुळे मी लगेच मदतीला बसले.

जोडणी सोपी निघाली. प्लेस्टेशनची एचडीएमआय वायर डबीच्या 'इन'मध्ये, 'आउट'मधून दुसरी वायर टीव्हीला आणि यूएसबीची वायर संगणकाला. संगणकावर ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. सगळं जोडलं आणि... टीव्हीवर चित्र, संगणकावर मात्र काळाकुट्ट पडदा! पोरगं चिडलं. मी चष्मा लावून माहितीपत्रक ओळीने वाचलं. मुलांना "प्रश्न नीट वाचा" सांगण्यात जन्म गेला, ती सवय कामी आली. सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून प्लेस्टेशनमध्ये एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद केलं आणि संगणकावर हिरवंगार मैदान उमटलं. (सिनेमे बघायचे झाले तर ते परत सुरू करायचं बरं का!)

आणखी दोन गोष्टी शिकले. संगणकावरचं चित्र क्षणभर उशिरा येतं, म्हणून खेळायचं ते टीव्हीकडे बघून. आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचतं. आमच्याकडे वीज जातेच!

मग तो हळूच म्हणाला, "आजी, माझा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवू या. म्हणजे नंतर काढून टाकता येईल."

मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. तोही अडखळायचा. धडा वाचायची त्याची पाळी आली की मी पुढच्याला उठवायचे. त्याची फजिती नको, असं मनाला समजवायचे. खरं तर तास संपायच्या आत धडा संपवायची घाई मलाच असायची. वर्षभरात वर्गाने त्याचा आवाज ऐकलाच नाही.

असो. आवाज वेगळा ठेवला. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेली मी, कान देऊन बसले. "ग... ग... गो..." चेंडू जाळ्यात जाऊन गोलकीपर उठून उभा राहिला, तेव्हा कुठे "गोल!" पूर्ण झालं. मी मध्ये शब्द पुरवला नाही. फार जड गेलं ते.

रात्री त्याने तेवढाच भाग दोन-तीनदा ऐकला.

"काढू का गं आवाज?"

"तुझा आहे, तू ठरव."

सकाळी त्याने पुण्याला बाबांना रेकॉर्डिंग पाठवलं. आवाजासकट.

तो माझा विद्यार्थी आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर त्याची माफी मागायची आहे.