उष्टं आणि एंजल

आमच्या घरात पाणी प्यायच्या दोन तऱ्हा आहेत. माझ्याकडची माणसं तांब्याला सरळ तोंड लावतात. सौ.चं माहेर धारवाडकडचं. ती मंडळी तांब्या उंच धरून वरून धार सोडतात. सासूबाई आल्या की ‘एंजल माडब्याड’ हे दिवसातून दहादा ऐकू येतं. उष्ट्याच्या या सोवळ्याची मी लग्नापासून थट्टाच करत आलो.

मुलगी पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला असताना तिला ताप आला. घसा सुजला, मानेत दोन्ही बाजूंना गाठी आल्या. डॉक्टरांनी नेहमीचं घशाचं दुखणं समजून अमॉक्सिसिलिन दिलं. चार-पाच दिवसांत अंगभर लाल पुरळ! शेजारच्या काकूंनी गोवर ठरवून कडुलिंबाचा पाला आणून दिला. ताप दहाव्या दिवशीही उतरेना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि नाव सांगितलं : मोनोन्यूक्लिओसिस. विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट या आजारात ती गोळी घेतली की पुष्कळांना असं पुरळ उठतं.

त्या रात्री मी इंटरनेटवर ते नाव शोधलं. याला इंग्रजीत ‘किसिंग डिसीज’ म्हणतात, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. सकाळी मी तापातल्या पोरीला विचारलं, ‘हल्ली तुझी कुणाशी फार मैत्री आहे का?’ ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे वळून झोपली. सौ.ने दारातून ऐकलं होतं. ‘अहो, तुम्ही कॉलेजात शिकवता ना?’ एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी माझी शाळा घेतली. हा एपस्टीन-बार विषाणू. १९६४ साली लंडनमध्ये सापडला. तो लाळेतून पसरतो, मग ती खो-खोच्या मैदानावर फिरणारी एकच बाटली असो, एका ताटातला चमचा असो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधणं व्यर्थ. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच उष्ट्यामाष्ट्यातून गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा, कधी कळूही न देता निघून जातो. निघून जातो म्हणजे काय, शरीरात जन्मभर दडून राहतो. जगातल्या दहांपैकी नऊ प्रौढांत तो असतो आणि अधूनमधून, माणूस ठणठणीत असतानाही, लाळेत उतरतो. लहानपणी निसटलेल्यांना तो वयात येताना गाठतो, तेव्हा असा आडवा करतो.

उपाय म्हणजे विश्रांती, भरपूर पाणी आणि तापाची गोळी. पानथरी सुजली होती. तिला धक्का बसला तर ती फुटण्याची भीती, म्हणून महिनाभर खो-खो बंद. ताप गेला तरी थकवा दीड महिना राहिला. जिना चढून आली की पायरीवरच बसायची.

माफी मागायला मला आठवडा लागला. पेज भरवता भरवता मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे बाबा, मला तुमच्याकडूनही आलेला असू शकतो?’

मी हो म्हटलं. चमचा माझ्याच हातात होता.