दहा सहस्रांशांचे अंतर

बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात आर्मरी रोड या नावाचा एक रस्ता अद्याप आहे. परंतु ज्या शस्त्रशाळेमुळे त्याला ते नाव प्राप्त झाले, त्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीच्या विस्तीर्ण इमारतींपैकी बहुतेक केव्हाच भुईसपाट झाल्या आहेत. या रस्त्याच्या तोंडावरून मी कित्येक वर्षे कामावर जात-येत असे. पण वसईच्या मैदानावर वयाच्या सतराव्या वर्षी जी बंदूक मी खांद्यावर घेतली, तिच्या लक्षावधी भगिनी येथेच घडल्या, याची मला वार्ताही नव्हती. ती वार्ता मला दिली शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी. त्यांची आई दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यात यंत्रावर काम करीत असे. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडून तेथील ५३ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा तिची पाळी दिवसाची होती, म्हणून ती वाचली. आणि म्हणून मी आहे, असे ते फार शांतपणे सांगतात.

हे गृहस्थ एका रायफल मंडळाचे जुने सभासद आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांचा मंडळातला परममित्र वारला आणि त्याने मृत्युपत्रात आपली एक थ्री-नॉट-थ्री बंदूक यांच्या नावे लिहून ठेवली. पोलिसांच्या परवान्यात तिची रीतसर नोंद झाली, आणि मग एका रविवारी त्यांनी कुंपणापाशी मला थांबवून विचारले की, बंदुकीवर हिंदुस्थानातील काही खुणा आहेत, बंदूक-कारागिराकडे ती तपासणीला नेताना तुम्ही बरोबर याल का? आपण विद्यार्थिदशेत एन.सी.सी.त होतो, हे मी त्यांना एकदा सहज बोलून गेलो होतो. तपासणी ही केवळ रीत म्हणून करावयाची, अशी त्यांची कल्पना होती. कारण मित्र काटेकोर, बंदूक तेलपाण्याने चकचकीत, आणि त्याच्या हातून तिने कितीतरी वर्षे बिनतक्रार नेम साधलेला.

कारागिराच्या मेजावर हिरव्या बनातीवर ती निजविलेली पाहिली तेव्हा मला जे वाटले, ते एखादा गावकरी परक्या बाजारपेठेत अवचित भेटावा तसे होते. दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर राजमुकुट, त्याखाली कंपनीची आद्याक्षरे, आणि साल १९१७. त्यापुढे मात्र बर्मिंगहॅमचा हात संपून दुसराच हात सुरू झालेला दिसत होता. पुढच्या लाकडात आडवा बसविलेला पोलादी स्क्रू या शहरातल्या कारागिरांनी कधी बसविला नव्हता. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात, आपल्याकडच्या उन्हापावसात लाकूड चिरू नये म्हणून, तो घालण्याची पद्धत पडली होती. शेजारी दुरुस्तीची अक्षरे होती आणि मूळ क्रमांक घासून त्या जागी ठोकलेला नवा क्रमांक होता. म्हणजे ही बंदूक येथून निघाली, हिंदुस्थानात पलटणीपलटणींतून फिरली, तेथील कारागिरांच्या हातून पुन्हा उभी राहिली, आणि फौजेने निकालात काढल्यावर विकली जाऊन अखेर जन्मगावी परतली. मीही अर्धे आयुष्य तिकडे आणि अर्धे इकडे काढले आहे. त्या नव्या क्रमांकावरून बोट फिरविताना माझा हात थोडा थरथरला, हे मी लपवीत नाही.

माझे वडील वसईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. पालघर जिल्हा झाला २०१४ च्या ऑगस्टमध्ये. त्यापूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्याचे होतो. कचेरीत खजिन्याच्या खोलीपुढे पहाऱ्यावरच्या शिपायाजवळ हीच बंदूक असे, आणि तिचा काळसर तपकिरी दस्ता पाहून इतकी जुनी व इतकी जड वस्तू कधी दगा देणे शक्य नाही, असे मला वाटे. वसईच्या मुलाला तसे वाटणे खरे तर अनुचितच होते. किल्ल्याच्या ज्या तटाच्या सावलीत आम्ही खेळलो, तो दुरून अभेद्य दिसे. आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून त्याला कोठे खिंडार पाडले, ते आम्हांला शाळेतच शिकविले जाई.

माझा तो भ्रम महाविद्यालयात गेल्यावर फिटला. एन.सी.सी.च्या कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, आम्हांला कवायतीसाठी ज्या बंदुका मिळत, त्यांच्यावर डी.पी. अशी अक्षरे ठोकलेली आणि लाकडावर पांढरा पट्टा रंगविलेला असे. त्यांचा अर्थ एवढाच की, ही बंदूक खांद्यावर घ्यावी, सलामीला धरावी, पण तिच्यातून गोळी कदापि झाडू नये. आमचे उस्ताद मराठा पलटणीतून आलेले, सातारा जिल्ह्याकडचे. कवायत आटोपली की सतरंजी पसरून सर्व बोल्ट काढावयास लावीत, आणि मग फुलथ्रूच्या दोरीत चिंदी अडकवून नळ्या पुसणे चाले. समुद्राचा खारा वारा लोखंडाला दोन दिवस सुखाने राहू देत नाही, म्हणून हे नित्यकर्म. एकदा घाईत दोघा मुलांच्या बोल्टांची अदलाबदल झाली. उस्तादांनी क्रमांक ताडून पाहिले मात्र, आणि त्यांचा चेहरा असा पालटला की तो मला आजही दिसतो. "दुसऱ्याचं पायताण घातलं तर पाय चावतंय, दुसऱ्याचा बोल्ट घातला तर डोळा जातोय, ध्यानात ठेवा पोरांनो!" असे म्हणून त्यांनी उन्हे उतरेपर्यंत सगळ्या तुकडीला ते क्रमांक मोठ्याने वाचावयास लावले. ज्या बंदुकांतून कधीच गोळी सुटणार नाही, त्यांच्यासाठी एवढा संताप कशाला, हे मला त्या दिवशी समजले नाही. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलीस याच थ्री-नॉट-थ्री हाती घेऊन स्वयंचलित बंदुकांना सामोरे गेल्याचे येथे बसून वाचले, तेव्हा मला प्रथम उस्तादच आठवले. जुने शस्त्र ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याच्यासाठी ते आधी कोणीतरी निरखून पाहिलेले असावे, एवढे त्या माणसाचे आपल्यावर ऋण असते.

कारागिराने प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली. मग डी.पी.ची अक्षरे कोठे घासून टाकलेली आहेत का, नळीच्या पुढच्या भागावर हातबॉम्ब फेकण्याच्या बंदुकांना गुंडाळीत तशा तारेचा माग आहे का, हे पाहिले. नळीतून प्रकाश सोडून तो कितीतरी वेळ आत डोकावत राहिला. आत एखादी काळी वर्तुळाकार छाया दिसली, तर तेथे नळी फुगलेली असते आणि परीक्षा तेथेच संपते. छाया दिसली नाही. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा मुकुटांकित शिक्का होता, आणि त्याखाली काडतुसाच्या पुंगळीची लांबी २.२२२ इंच व दाब चौरस इंचास १८.५ टन, असे आकडे कोरलेले होते. माझे शेजारी समाधानाने माझ्याकडे पाहू लागले.

या शिक्क्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. येथील कालव्यालगत बॅनबरी स्ट्रीटवर १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने हे परीक्षागृह स्थापन झाले, आणि ते मागून घेणारे लोक बंदुका करणारे व्यापारीच होते. आपल्याच मालाला पारख लावणारी गादी त्यांनी आपल्याच खर्चाने बसविली. नेहमीहून अधिक दाबाचे काडतूस बंदुकीत घालून, माणूस आडोशाला ठेवून, ते झाडावयाचे. बंदूक टिकली तर पुन्हा कसून पाहावयाचे. आणि मगच मोहर उठवावयाची. १८६८ च्या कायद्यान्वये या मोहरेवाचून येथे कोणतीही बंदूक विकणे गुन्हा आहे. फौजेची स्वतःची निशाणी नागरी विक्रीस पुरत नाही, म्हणून निकाली निघालेल्या प्रत्येक लष्करी बंदुकीला या दारातून जावे लागते. आमच्याकडे असा प्रसंगच येत नाही, कारण थ्री-नॉट-थ्री ही भारतात सामान्य नागरिकास निषिद्ध आहे, आणि परवानाधारकांसाठी ईशापूरला जी .३१५ घडविली गेली तिचा सांगाडा हाच असला तरी काडतूस निराळे. कारखानदारांनी आपण होऊन स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन मला या शहराच्या कोणत्याही मंदिरा-चर्चपेक्षा अधिक आदरणीय वाटते.

कारागिराने मग बोल्ट उचलला, भिंगाखाली धरला, आणि काही न बोलता बंदुकीशेजारी ठेवला. प्रूफ हाऊसचा शिक्का बोल्टावरही असावा लागतो, तो तेथे होता. पण बोल्टाचा क्रमांक बंदुकीच्या क्रमांकाशी जुळत नव्हता.

थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस आपल्या बुडाच्या कडेवर टेकून राहते. बोल्ट बंद झाल्यावर त्याचे मुख आणि नळीचे मागचे तोंड यांत त्या कडेपुरतीच जागा उरली पाहिजे. ही जागा मोजण्यासाठी पोलादी चकत्या असतात. ०.०६४ इंचाच्या चकतीवर बोल्ट बिनघोर मिटला पाहिजे, ०.०७४ इंचाची चकती घातली तर तो मिटता कामा नये. दोहोंत अंतर दहा सहस्रांश इंचाचे. वहीचे दोनतीन कागद एकावर एक ठेवले तर भरेल तेवढे. ही जागा वाढली की बार उडताच पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ तुटते, आणि आतला तप्त वायू बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाकडे वाट काढतो. कारागिराने मोठी चकती बसवून बोल्टाची मूठ दोन बोटांनी, जोर न लावता, खाली नेली. बोल्ट मिटला.

त्या खोलीत नंतर काही काळ जी शांतता होती, ती बंदुकीविषयी नव्हती. माझे शेजारी मेलेल्या मित्रावर ठेवलेल्या विश्वासाचा हिशेब मनात करीत होते, हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. बंदुकीबरोबर मित्राने काडतुसांचा एक जुना पुठ्ठ्याचा डबाही ठेवला होता. कारागिराने तोही उघडला, आणि एका बुडावरची के.एफ. ही अक्षरे मी ओळखली: खडकी! पुण्याजवळच्या ज्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ सालची, त्याचे हे अपत्य. ते एक तरी झाडलेले पाहावे, असे मला फार वाटले. कारागिराने मान हलविली. आत कॉर्डाइटच्या जुन्या काड्या, टोपीत नळी खाणारे क्षार, आणि एवढी वर्षे ते कोणत्या उष्णतेत पडून होते ते कोणास ठाऊक. तो डबा परत बंद झाला.

परतताना बसमध्ये मी शेजाऱ्यांना सतरंजीची हकीकत सांगितली. ते एकदम स्तब्ध झाले आणि म्हणाले, मित्राजवळ दोन बंदुका होत्या. अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी मंदावली होती. नेम धरणे सुटले होते, पण तेलपाणी करणे सुटले नव्हते. दुसरी बंदूक मंडळातील अन्य एका सभासदाकडे गेली होती. त्यालाही तातडीने निरोप गेला की, तपासणी होईपर्यंत तिला हात लावू नये. आठवड्याने दोन्ही बंदुका एकाच मेजावर आल्या, आणि दोन्ही बोल्ट आपापल्या क्रमांकाशी जाऊन बसले. चकत्या पुन्हा फिरल्या. लहान चकतीवर बोल्ट मिटला, मोठ्या चकतीवर मूठ अर्ध्यावरच अडली, आणि वृद्ध गृहस्थांनी मेजाच्या कडेला हात टेकला.

मेमधल्या एका स्वच्छ सकाळी मंडळाच्या मैदानावर मी प्रेक्षक म्हणून गेलो. नवी, कारखान्यातून ताजी आलेली काडतुसे होती. पहिला बार झाला. शेजाऱ्यांनी बोल्ट उघडला, पुंगळी खाली पडली, आणि कोणी लक्ष्याकडे पाहिले नाही. कारागिराने शिकविल्याप्रमाणे त्यांनी एक बारीक तार टोकाशी वाकवून पुंगळीत घातली आणि बुडाजवळ आतून खरवडत वर आणली. पितळ तेथे पातळ होऊ लागले असेल, तर तार एका वर्तुळाकार खाचेत अडते. त्यांनी ती पुंगळी आणि तार माझ्या हाती दिली. मीही तार फिरविली, सावकाश, दोनदा. ती कोठेही अडली नाही.