पाण्याखालची उमेदवारी

“त्याला घेऊनच ये,” असे ताईने मला बजावले होते. एकुलता एक मुलगा पुण्याची चांगली नोकरी सोडून अंदमानात जाऊन बसतो आणि तिथे बिनपगारी टाक्या उचलतो, हे कोणत्या आईला रुचेल? मराठी शिकवणारा मामा गोड बोलून त्याचे मन वळवील, अशी तिची समजूत. माझ्या वर्गातली मुलेसुद्धा माझे ऐकत नाहीत, हे तिला कोण सांगणार!

पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजय पुरम् म्हणतात आणि हॅवलॉक बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप. नावे बदलली, तरी बोट हलायची ती हलतेच. धक्क्यावर भाचा उभा होता. रापलेला, वाळलेला, दात तेवढे पांढरे.

त्याची उमेदवारी अशी : पहाटे हवेच्या टाक्या होडीत चढवायच्या, पाहुण्यांचे पोशाख गोड्या पाण्यात धुवायचे आणि त्याच्या बदल्यात डाइव्हमास्टरचे, म्हणजे पाण्याखालच्या वाटाड्याचे, शिक्षण घ्यायचे. टाकीत प्राणवायू असतो, असे मी समजत होतो. “नाही रे मामा, आपली साधीच हवा. दाबून भरलेली!” पॅडी या संस्थेच्या नियमाने शिक्षणाला आरंभ करताना ४० बुड्या झालेल्या हव्यात आणि प्रमाणपत्रासाठी ६०. त्याच्या ४८ झाल्या होत्या. शिवाय ४०० मीटर पोहणे, दमलेल्या माणसाला १०० मीटर ओढून नेणे, बुडीच्या जागेचा नकाशा काढणे. आणि सर्वांवर कडी म्हणजे, पाण्याखाली दोघांनी एकाच नळीने आळीपाळीने श्वास घेत अंगावरची सगळी सामग्री एकमेकांशी बदलायची! ताईला हे मी अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मलाही पाण्यात उतरवले. बरोबर शिक्षक होते, बाजूला भाचा. जेमतेम सहा मीटर खोली. प्रवाळात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहून मी खूश झालो आणि ‘झकास!’ म्हणून अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, हे सकाळीच शिकवले होते. पण प्राध्यापकांना शिकवलेले लक्षात राहत नाही! त्या गडबडीत चष्म्यात पाणी शिरले, छाती भरून आली आणि मी श्वास कोंडून वर सुटू लागलो. तसा सुटलो असतो, तर वर जाताना फुगणाऱ्या हवेने फुप्फुस फाटायचे. भाच्याने माझा पट्टा धरला, डोळ्यांत डोळे घातले आणि हात संथपणे खालीवर करीत श्वास घ्यायला लावला. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना मी त्याला तसाच धरीत असे. शिक्षकांनी जवळ येऊन नुसती मान हलवली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. “निघतोय ना तो?”

“अजून बारा बुड्या राहिल्यात त्याच्या,” मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच तिने विचारले, “जेवतो का रे नीट?”